काळा डबा, हिरवा डबा

"पवित्र टेबलावर नका ठेवू ते," दीनाबाई दारातूनच ओरडल्या. "तिथं भाकर न् द्राक्षरस ठेवत्यात. विजेचे डबे नाय."

मी दोन्ही डबे उचलले आणि ढोलकीच्या स्टुलावर ठेवले. एक काळा, विटेएवढा, वर काचेची छोटी पट्टी आणि खाली पायाने दाबायच्या चार गुंड्या. दुसरा हिरवा, साबणाच्या वडीहून थोडा मोठा, तीन बटणांचा. एका बाजूने गिटारची वायर घालायची, दुसऱ्या बाजूने ती मंदिराच्या मिक्सरमध्ये न्यायची, की कर्ण्यातून मोठ्या जुन्या अँप्लिफायरसारखा आवाज निघतो, असं पुण्याच्या दुकानदाराचं म्हणणं होतं. त्याने दोन्ही आठवड्याच्या बोलीवर दिले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. कोणता ठेवायचा हे मी तपासून सांगायचं होतं, कारण गायनमंडळात यंत्रातलं कळणारा मी एकटाच आहे असा सगळ्यांचा समज होता. मी दूध संकलन केंद्रावर फॅट काढायचं मशीन चालवायचो, तेवढ्या एका खांबावर तो समज उभा होता.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नेवाशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, गावाच्या कडेला मिशनची वस्ती आणि वस्तीच्या मधोमध आमचं मंदिर, म्हणजे चर्च. कापणीच्या सणाला मंडळी आपापल्या शेतातलं काहीबाही अर्पण म्हणून आणतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी एका भोपळ्यावरून दोन भाऊ इरेला पेटले होते आणि नहेम्या मास्तर मागे गिटारवर मजेत काहीतरी वाजवत होते. तेवढ्यात त्यांच्या अँपमधून धूर निघाला. पाळकसाहेबांना वाटलं चहाचं दूध उतू गेलं. ते बघायला मागच्या खोलीत गेले आणि इकडे अँप शेवटचा खोकला काढून गप्प झाला. नगरच्या एका रेडिओ मेकॅनिकने तीस वर्षांपूर्वी हाताने बनवून दिलेला अँप होता. आता तो मेकॅनिकही नव्हता. म्हणून हे डबे.

नहेम्या मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, सहासष्ट वर्षांचे. मंदिराची इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे तेच. वस्तीतल्या ज्या ज्या पोराने कधी गिटारची तार छेडली असेल, त्याची पहिली बोटं मास्तरांनी धरलेली. माझीही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून साधी गिटार वाजवायचो, बिनवायरची, कुणाला ऐकू न येणारी.

"सलाम, पाळकसाहेब," म्हणत मास्तर आले. त्यांनी हिरव्या-काळ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि काळ्यापासून सुरुवात केली.

"मास्तर, हे गोल बटण फिरवा," मी म्हणालो. "नाही, तसं नाही. आधी दाबा. दाबून फिरवा. आता सोडा."

"सोडलं."

"आता त्या काचेत काय दिसतंय?"

"मुंग्या," मास्तर म्हणाले.

अक्षरं खरंच मुंगीएवढी होती. मास्तरांनी अंदाजाने एक गुंडी दाबली आणि तार छेडली. कर्ण्यातून हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज आला. दीनाबाईंनी पदर कानावर घेतला. मास्तरांनी दुसरी गुंडी दाबली तर आवाज विहिरीत पडल्यासारखा घुमत राहिला, थांबेचना. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"शमू, यात साधा गिटारचा आवाज कुठं ठेवलाय?"

सगळे हसले, मास्तरही हसले. मग त्यांनी वायर काढून हिरव्यात घातली. तीन बटणं. एक मोठ्या-लहान आवाजाचं, एक धार कमी-जास्त करायचं, एक जरा गुरगुर आणायचं. अर्ध्या मिनिटात त्यांना हवा होता तो आवाज सापडला. डोळे मिटून त्यांनी दोन ओळी वाजवल्या.

"हाच घ्या की!" दीनाबाई म्हणाल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या, निकाल द्यायला त्यांना कधी वेळ लागत नसे.

"थांब गं. शमू, तू काळा वाजवून दाखव," मास्तर म्हणाले.

मी काळ्याशी दुपारभर झटापट केलेली होती. मला त्यातला एक आवाज सापडला होता, भरलेला आणि मऊ. मी एकच कॉर्ड वाजवली आणि ती मंदिरभर पसरत मागच्या भिंतीपर्यंत गेली. दीनाबाईंनी वळून त्या भिंतीकडे बघितलं.

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड तोरणे, दाढी खाजवत उभे होते. "आवाज याचा सुरेख आहे, वापरायला तो सोपा आहे. तर बंधुभगिनींनो, साधा हिशेब करू. जो डबा राहील, तो ज्याला चालवता येतो त्याने नाताळात गिटार वाजवावी. नाताळाला सहा आठवडे आहेत, शिकत बसायला वेळ नाही."

ते अगदी सहज बोलले. पण त्यानंतर सगळे जमिनीकडे बघायला लागले. काळा राहिला तर मी. हिरवा राहिला तर मास्तर. मास्तरांनी एकतीस नाताळ वाजवले होते.

"एक करा," मास्तरच म्हणाले. "शनिवारी सगळं गायनमंडळ डब्यांकडे पाठ करून बसेल. दोन्ही डबे शमूच वाजवील, म्हणजे हात एकच. कोणता डबा चाललाय ते दिसायला नको. माणूस दिसला की माणसाला मत जातं."

पाळकसाहेबांना हे फार आवडलं. बायबलात प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकूनच निवड केली होती, असं ते म्हणाले. मग मंदिराची गिटार आणि डबे माझ्याबरोबर घरी आले.

आता खरं सांगतो. मला नाताळ हवा होता. सव्वीस वर्षांचा होतो, साध्या गिटारीचा मला वीट आला होता. आणि ज्या माणसाची जागा हवी होती त्यानेच माझी बोटं तारांवर बसवली होती. हे दोन्ही एकाच छातीत घेऊन मी डब्यांची पारख करायला बसलो, म्हणजे काय पारख होणार ते दिसतंच आहे.

तरी मी वही केली. मंगळवारी कानाला हेडफोन लावून दोन तास दोन्ही वाजवले आणि लिहिलं, "काळा: खोल, गोल. हिरवा: उघडा, पण सरळ." बुधवारी सकाळी तेच परत केलं तर काळा मला नाटकी वाटला, खोलीत नसलेला दिवाणखाना दाखवणारा, आणि हिरवा प्रामाणिक. तसं लिहिलं. संध्याकाळी परत उलट. काळ्यात चाळीस आवाज होते आणि त्यातल्या अडतिसांची मंदिरात कधी गरज पडणार नव्हती. हिरव्यात एकच आवाज होता आणि तो रोज वेगळा ऐकू यायचा. गुरुवारी वायरींचा गोंधळ झाला. काळ्याखाली जे लिहिलं होतं ते हिरव्याचं होतं हे पान भरल्यावर लक्षात आलं, आणि कुठल्या ओळीपासून गोंधळ झाला तेही समजेना. मी पान फाडलं.

"तुला नक्की कोणता आवडला?" आईने विचारलं.

"तेच कळत नाही."

"मला तर दोन्ही सारखेच वाटत्यात. मांजर दोन्हीला पळतंय."

दुधाचं बरं असतं. नमुना घातला की मशीन आकडा दाखवतं, मग गवळी कितीही शपथा घेवो. आवाजाचं फॅट कशावर मोजायचं? शुक्रवारी मी हिरवा लावला की मला मास्तर ऐकू यायचे आणि काळा लावला की मी स्वतः. त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही.

मंदिरात आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपासून मास्तरांचं डाव्या हाताचं तिसरं बोट वळत नव्हतं. काही कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे स्वर, त्यांना लागत नसत, विशेषतः एफ नावाची. गाण्यात ती जागा आली की मी साध्या गिटारीवर जोरात हात मारायचो, दीनाबाई आवाज चढवायच्या, ढोलकीवाला एक जादा थाप द्यायचा. आम्ही काही ठरवलं नव्हतं. घरात म्हातारं माणूस उंबऱ्याला आलं की आपला हात जसा आपोआप पुढे जातो, तसंच ते चाललं होतं.

शनिवारी दुपारी तीनला मी गिटार आणि डबे घेऊन मंदिरात गेलो. मास्तर आधीच आले होते आणि बाकं दाराकडे तोंड करून लावत होते. मी डबे स्टुलावर मांडले, वायरी जोडल्या, आणि लक्षात आलं की लांब वायर घरीच राहिली.

"जा, घेऊन ये," मास्तर म्हणाले. "मी आहे इथं."

मी मोटरसायकलवर जाऊन वायर आणली. परत आलो तेव्हा मंडळी जमली होती. पाळकसाहेब, दीनाबाई, ढोलकीवाला, बाकीचे गाणारे, सगळे धरून मास्तरांसह दहा जण पाठ करून बसले. मला समोर दहा पाठी दिसत होत्या. तीन गाणी ठरली होती. प्रत्येक गाणं एकदा एका डब्यावर, एकदा दुसऱ्यावर. मी फक्त "पहिला" आणि "दुसरा" एवढंच म्हणायचं.

"पहिला," मी म्हणालो आणि हिरव्यावर वाजवायला सुरुवात केली.

कर्ण्यातून भयंकर आवाज आला. पातळ, किरटा, पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. मी थांबलो. धारेचं बटण कमी केलं. माशी जरा जाड झाली, बाकी काही नाही. सोमवारी याच मंदिरात, याच कर्ण्यांमधून हाच डबा इतका गोड वाजला होता.

"काय मच्छर सोडलं का काय?" दीनाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"बोलायचं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

मी कसंबसं गाणं संपवलं. "दुसरा" म्हणून काळा लावला. मंदिर भरून गेलं. ढोलकीवाल्याची मान डोलायला लागली. दुसऱ्या गाण्याला पुन्हा तेच. माझं डोकं चालेना. वायर खराब असावी म्हणून वायर बदलली. मिक्सर बघितला. माझे कान गेले की काय असंही वाटलं. माझ्या वहीत हिरव्याबद्दल कितीतरी उलटसुलट लिहिलं होतं, पण किरटा असं एकदाही लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्यासाठी वायर फिरवायला वाकलो आणि मला ती दिसली. हिरव्या डब्याच्या मागच्या अंगाला नखाएवढी सरकती कळ होती. गिटारचा आवाज खरा तर अँपच्या लाकडी खोक्यातून, जाड कागदाच्या स्पीकरमधून गाळून येतो, म्हणून तो कानाला गोड लागतो. हे डबे ते खोकं नसताना असल्याचा भास करून देतात. ती कळ वर असली की भास चालू, खाली असली की बंद. बंद ठेवून थेट कर्ण्याला जोडलं की माशीच ऐकू येणार. सोमवारी ती पाळकसाहेबांना समजावून सांगितली होती आणि तेव्हापासून आठवडाभर वरच ठेवली होती. आता ती खाली होती.

माझा अंगठा कळीपासून दोन बोटांवर होता. "थांबा, जरा चूक झालीय," एवढंच म्हणायचं होतं. कळ वर सरकवायची, पहिल्यापासून वाजवायचं. मी समोरच्या दहा पाठींकडे बघितलं. कुणी वळून बघत नव्हतं.

मी सरळ उभा राहिलो आणि तिसरं गाणं कळ खाली ठेवूनच वाजवलं.

"पहिला ज्यांना बरा वाटला त्यांनी हात वर करा," पाळकसाहेब म्हणाले. एकही हात नाही. "दुसरा?" नऊ हात वर गेले. मग जरा थांबून दहावा. तो मास्तरांचा होता.

सगळे वळले. पहिला म्हणजे कोणता, ते मी सांगितलं. कुणाला आनंद झाला नाही. दीनाबाई हिरव्या डब्याकडे बघत राहिल्या.

"सोमवारी तर बरा वाटला होता की हो."

"सोमवारी मास्तर वाजवत होते," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "आपण प्रेमाने ऐकत होतो."

मास्तर उठले. त्यांनी माझ्या गळ्यातला गिटारचा पट्टा धरला, त्याची कडी सरकवली आणि चार बोटं लांब केला.

"उंच आहेस तू," ते म्हणाले. "माझ्या मापावर वाजवशील तर पाठ दुखेल."

पुढचे जवळजवळ दोन महिने माझ्या डोक्याचा भुगा झाला. कळ खाली गेली कशी? पिशवीत घासून गेली असेल. पण ती इतकी घट्ट होती की नखाने रेटावी लागे. मग मीच केली का? शुक्रवारी रात्री केली आणि विसरलो? जो माणूस बोलायच्या वेळी गप्प बसतो, तो कळ सरकवूनही विसरू शकतो. विचार करता करता मला माझा स्वतःचा अंगठा ती कळ खाली ओढताना दिसायला लागला, खोलीतल्या बल्बसकट. मी शपथेवर सांगू शकलो नसतो की हे झालं नाही. गप्प राहिलो ते मात्र नक्की झालं होतं, आणि त्याबद्दल काही गोंधळ नव्हता.

मी हिरवा डबा परत पाठवून दिला. नाताळात वाजवलं. शेजारच्या गावची मंडळी येऊन हात मिळवून गेली. मास्तर तिसऱ्या बाकावर बसून गात होते, मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. ते घरी चहाला बोलवायचे, मी डेअरीचं काम पुढं करायचो. दीनाबाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "काय रं, मास्तरांनी तुझं काय खाल्लं? त्यांच्यापुढून खाली मान घालून जातोस ते?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या उन्हात, मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. मास्तर बाजेवर बसून हरभऱ्याचे डहाळे सोलत होते. उजव्या हाताने घाटा फोडायचे, डाव्या तळव्यावर दाणे झेलायचे.

"बस," ते म्हणाले. "खा. गोड आहे औंदा."

मी उभाच राहिलो. जे पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो आणि भलतीकडूनच सुरुवात केली.

"मास्तर, हिरवा डबा वाईट नव्हता. त्याची मागची कळ बंद होती."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी एक घाटा फोडला. "मीच बंद केली होती."

मी खाली, जमिनीवरच बसलो.

"तू वायर आणायला गेलास ना, तेव्हा. सोमवारी तू पाळकांना त्या कळीचं समजावत होतास, तेव्हाच ऐकलं होतं मी. नख मोडलं माझं."

"पण का?"

"चालू ठेवली असती तर काय झालं असतं? तो हिरवा बरा वाजतो. पाठ करून बसले तरी निम्म्यांनी माझा डबा ओळखला असता. एकाचा हात वर गेला की दीनाचा जाणार, दीनाचा गेला की सगळ्यांचे. आणि मी बत्तिसावा नाताळ वाजवला असता. या बोटाने." त्यांनी डावा हात पुढे केला. तिसरं बोट सरळच राहिलं.

"तुम्ही नुसतं सोडतो म्हणाला असता तर..."

"गेल्या ईस्टरला म्हणालो नव्हतो का? पाळक काय म्हणाले? 'मास्तर, तुमच्याशिवाय कोण?' दीनाने तर डोळ्याला पदर लावला. तूही म्हणालास, 'असं काय करता मास्तर, मस्त वाजवता तुम्ही.' म्हणालास ना?"

म्हणालो होतो.

"दोन वर्षं मी एफच्या जागी नुसता हात फिरवतोय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दोन वर्षं तू माझ्या शेजारी उभं राहून जोरात हात मारतोस. मला ऐकू येत नाही असं वाटलं तुला? दर रविवारी घरी येताना वाटायचं, आज शमू सांगेल. मी शिकवलंय त्याला, निदान तो तरी सांगेल. चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या मी, आणि माझी चूक काढायला एक माणूस पुढे आला नाही. सगळे माझ्यावर माया करत बसले."

मी पायाजवळची हरभऱ्याची टरफलं गोळा करत राहिलो. मास्तरांनी मुठीतले दाणे माझ्या हातावर ओतले.

"आता तू सांग. कळ कधी दिसली तुला?"

"तिसऱ्या गाण्याच्या आधी."

"मला वाटलं होतं पहिल्यालाच दिसेल. दिसली की तू ओरडशील, मग मला सगळ्यांसमोर खरं काय ते सांगावं लागेल. तीही तयारी करून आलो होतो. मग? बोलला का नाहीस?"

मी खूप कारणं शोधली होती. गाणं मध्येच तोडायला नको, पाळकसाहेब ओरडतील, तुमचं बोट, मंडळीचं हित. दोन महिन्यांत एकेक कारण घासूनपुसून ठेवलं होतं. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

"मला वाजवायचं होतं," मी म्हणालो. "तुमच्या जागी मला वाजवायचं होतं, मास्तर."

मास्तर हसायला लागले, खांदे हलेपर्यंत.

"अरे गाढवा, एवढंच वाक्य तू दोन वर्षांपूर्वी बोलायचं होतंस. चोरासारखं नख मोडून घ्यायची पाळी आली नसती माझ्यावर."

मी नाक पुसलं आणि दाणे खाल्ले. खरंच गोड होते. जायला उठलो तसे ते मागून म्हणाले, "नाताळात दुसऱ्या दिवशीच्या उपासनेला तू दोन ठिकाणी घाई केलीस. कळलं का?"

"नाही. कुणी काही म्हणालं नाही."

"म्हणणारच नाहीत. आता तुझ्यावर माया करतील." त्यांनी पुढचा डहाळा उचलला. "मी तिसऱ्या बाकावर कडेला बसत जाईन. तिथून दिसतं तुला. चुकलास की मान हलवीन."

त्या रविवारी मास्तर तिसऱ्या बाकावर कडेला बसले. दुसऱ्या गाण्यात त्यांनी मान हलवली आणि चौथ्यात परत एकदा. मंडळीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन्ही वेळा मी खरंच चुकलो होतो. दोन वर्षांत त्यांच्यासाठी एवढी मान हलवणं आमच्यापैकी एकालाही जमलं नव्हतं.